जर्मनीतलं विद्यार्थी खातं: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

जर्मनीत रोजच्या व्यवहाराच्या खात्याला 'झिरोकोंटो' म्हणतात. आपल्या कानाला ते झिरो बॅलन्स खातं वाटतं, पण तो नुसता उच्चाराचा योगायोग. शून्याशी त्याचा संबंध नाही, आणि शुल्कही दरवेळी शून्य नसतं.

हा अनुभव दोन खात्यांचा आहे: एक शाखा असलेल्या बँकेतलं, दुसरं फक्त ॲपवर चालणारं. मत आधीच सांगायचं तर महिन्याच्या शुल्काचा तक्ता बघून बँक निवडण्यात फारसा अर्थ नाही. खातं अडतं ते तीन ठिकाणी: ओळख पटवताना, टपालात, आणि काउंटरवर कार्ड पुढे केल्यावर. निवड या तिन्हींवर करावी.

झिरोकोंटोच्या आधी येतं ते 'श्पेरकोंटो', म्हणजे व्हिसासाठीचं गोठवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि जर्मनीत पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. ही दोन वेगळी खाती आहेत. श्पेरकोंटोतून भाडं भरता येत नाही, तिथला हप्ता झिरोकोंटोत यावा लागतो. भारतातून पैसे पाठवताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मधल्या बँकांच्या कपातीने. परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ भरताना 'शुल्क कोणाकडे' या रकान्यात पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर', असं निवडलं नाही, तर वाटेतली बँक आपला वाटा कापून घेते आणि खात्यात ११,९०४ ऐवजी वीस-पंचवीस युरो कमी पडतात. रक्कम पूर्ण भरेपर्यंत व्हिसासाठीचं पुष्टीपत्र निघत नाही. त्यात पुन्हा छोटी रक्कम पाठवायची तर पूर्ण शुल्क दुसऱ्यांदा. म्हणून 'अवर' निवडूनही पन्नास ते शंभर युरो वर पाठवणं स्वस्त पडतं. सेवा देणाऱ्याने दिलेला संदर्भ क्रमांकही शेऱ्याच्या रकान्यात जसाच्या तसा हवा.

पोचल्यावरचा क्रम ठरलेला आहे: आधी पत्ता, मग आनमेल्डुंग, मग बँक. आनमेल्डुंग म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद; राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करणं कायद्याने बंधनकारक. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो, नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. हा शब्द म्हणता आला नाही तरी चालेल, कागद हातात हवा. भाडेकरार त्याच्याऐवजी चालत नाही. बर्लिनसारख्या शहरात पालिकेची वेळ मिळणं हेच मोठं काम, तेव्हा घर पक्कं झालं त्याच दिवशी वेळ घ्यावी. शाखावाल्या बँका बहुधा हा नोंदणीचा कागद मागतातच. ॲपवाल्या काही बँका आधी खातं उघडू देतात, आणि पहिल्या महिन्यात त्यांचा खरा उपयोग इथेच होतो: भाडं, विमा आणि श्पेरकोंटोचा हप्ता यांच्यासाठी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, लगेच हाती येतो.

ओळख पटवण्याचे मार्ग तीन: शाखेत जाऊन, टपाल कार्यालयात पोस्टइडेंटने, किंवा व्हिडिओ कॉलवर. व्हिडिओचा मार्ग सोपा दिसतो, पण सगळ्या बँकांची यंत्रणा भारतीय पासपोर्ट घेत नाही. अर्ज भरण्याआधी कोणत्या देशांची कागदपत्रं चालतात ती यादी बघा, नाहीतर अर्धा तास रांगेत थांबून पलीकडची व्यक्ती नम्रपणे कॉल संपवते. पोस्टइडेंटला मूळ पासपोर्ट आणि बँकेने पाठवलेला कोड घेऊन जायचं, काम पाच मिनिटांचं. वेळ असेल तर हाच मार्ग भरवशाचा.

मराठी नावांची एक खास अडचण. आपल्या पासपोर्टमध्ये 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात 'फोरनामे' या रकान्यात दोन्ही तसंच लिहा. मधलं नाव गाळलं की पडताळणी फेटाळली जाते. याचा दुसरा परिणाम पुढे दिसतो. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँका पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासतात. कोणी वडिलांचं नाव गाळून पैसे पाठवले, तर त्याला 'जवळपास जुळतं' किंवा 'जुळत नाही' असा इशारा येतो. तो नकार नव्हे, पाठवणारा पुढे जाऊ शकतो. पण पगार देणाऱ्या कंपनीला आणि फ्लॅटमधल्या सोबत्यांना नाव खात्यावर आहे तसंच कळवलेलं बरं.

आता टपाल. जर्मन बँकेचं निम्मं काम आजही लिफाफ्यात चालतं. कार्ड एका लिफाफ्यात, पिन दोन-तीन दिवसांच्या अंतराने दुसऱ्यात, ॲप सुरू करण्याचा कोड बऱ्याचदा तिसऱ्यात. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर कार्ड परत जातं, आणि बँक पत्ता चुकीचा धरून खात्याला कुलूपही लावू शकते. एखाद्याच्या खोलीत उपभाडेकरू असाल तर पेटीवर चिठ्ठी चिकटवा आणि बँकेला पत्ता देताना 'केअर ऑफ' लिहून पेटीवरचं नाव द्या. खातं उघडण्याचा सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे ही चिठ्ठी, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही तोच.

फोन बदलताना हेच दुखणं पुन्हा वर येतं. व्यवहार मंजूर करणारं टॅन ॲप फोनला बांधलेलं असतं. जुना फोन विकण्याआधी किंवा पुसण्याआधी नव्या फोनची मंजुरी जुन्यावरून द्या. फोन हरवला तर नवा सक्रियता कोड पुन्हा टपालाने, म्हणजे चार-सहा दिवस मोबाइलवरून पैसे बंद. दोन खाती ठेवण्यामागे हे एक मोठं कारण.

अर्जात कराचा रकाना येतो. भारतात कर निवासी असल्याचं सांगितलं तर पॅन द्यावा लागतो. जर्मन श्टॉयर-आयडी हा अकरा आकडी क्रमांक आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांनी आपोआप टपालाने येतो, तो नंतर कळवता येतो. श्टॉयरनुमर ही वेगळी गोष्ट आहे, ती इथे भरू नका.

काउंटरवर काय होतं? बेकरी, छोटी रेस्टॉरंटं, काही दवाखाने आणि सरकारी खिडक्या यांच्याकडे 'झिरोकार्ड', म्हणजे जर्मन बँकांचं स्वतःचं कार्ड, चालतं, पण व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड चालेलच असं नाही. ॲपवाल्या बँका बहुधा डेबिट कार्डच देतात. झिरोकार्ड असलंच तर वेगळं शुल्क. शाखावाल्या बँकेचा मुख्य फायदा हा. रोख काढताना बँकेचं जाळं बघावं: श्पारकासे, म्हणजे स्थानिक बचत बँका, आपसात मोफत, डॉइचे बँक, कॉमर्त्सबँक, पोस्टबँक आणि हिपोफेराइन्सबँक 'कॅश ग्रुप'मध्ये आपसात मोफत. परक्या यंत्रावर चार-पाच युरो सहज जातात. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर खरेदीसोबत २०० युरोपर्यंत रोख मिळते, तो मार्ग बरा. हाती आलेली रोख खात्यात भरणं मात्र ॲपवाल्या बँकेत त्रासाचं आणि बहुधा सशुल्क असतं.

भाडं 'डाउअरआउफट्राग'ने, म्हणजे दरमहा आपोआप जाणाऱ्या आदेशाने भरावं. कायद्याने भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचं असतं. श्पेरकोंटोचा हप्ता साधारण महिन्याच्या सुरुवातीला सुटतो, त्यात सुट्टी आली की एकदोन दिवस पुढे सरकतो. म्हणून पहिल्या महिन्यात एक भाडं जास्तीचं खात्यात राहील असा हिशोब ठेवा. विमा आणि फोन 'लास्टश्रिफ्ट'ने जातात: आपण परवानगी देतो, समोरचा पैसे ओढून घेतो. त्या दिवशी शिल्लक कमी असेल तर पैसे परततात, समोरचा दंड लावतो, आणि वर स्मरणपत्र येतं. उलट आपल्या हातात एक चांगलं हत्यार आहे: ओढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येते, परवानगीच दिली नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. जिमने चुकून दोनदा ओढले तर ॲपमध्ये एक बटण पुरतं. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र असा परत घेऊ नका, देणं तसंच राहतं.

पत्त्याची नोंद झाली की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ युरो, पण घरामागे एकदाच. फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा शुल्क भरण्याचा क्रमांक कळवायचा, पत्र दुर्लक्षित करायचं नाही.

शुल्काबद्दल थोडक्यात: विद्यार्थी खातं मोफत असतं ते वयाच्या मर्यादेपर्यंत आणि प्रवेशाचा दाखला वेळेवर दिला तर. ही मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. पीएचडीला आलेल्यांनी ती आधी वाचावी. दाखला पुन्हा द्यायचं राहिलं की नेहमीचं शुल्क गुपचूप सुरू होतं. उधारीची सोय, म्हणजे 'डिस्पो', बंद करून ठेवलेली बरी. तिचं व्याज जबर असतं.

बँकेने नकार दिला तर 'बाझिसकोंटो' मागा. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला हे मूलभूत खातं मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे. ठरलेला अर्ज पूर्ण भरून दिला की दहा कामाच्या दिवसांत बँकेने खातं देऊ करायचं किंवा लेखी नकार द्यायचा. नकार पटला नाही तर बाफिन या नियामकाकडे जाता येतं. जर्मनीत आधीच एक चालू खातं असेल तर मात्र बँक नाही म्हणू शकते. त्यामुळे हा अर्ज पहिल्या खात्यासाठी, दुसऱ्यासाठी नाही.

भारतातल्या बाजूचं एक काम लोक पुढे ढकलतात: शिकायला परदेशी गेलेल्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. आणि भारतीय सिम चालू ठेवा, भारतातल्या बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

परतताना खातं घाईने बंद करू नका. घराची अनामत, म्हणजे 'काउत्सिओन', घर सोडल्यावर काही महिन्यांनी येते, आणि ती युरो आयबॅनवर मागवणं सगळ्यात सोपं. बँकेला भारतातला पत्ता आणि चालू राहणारा फोन क्रमांक निघण्याआधी द्या. अनामत आली की बंद करण्याचं पत्र. ग्राहकाकडून जास्तीत जास्त एका महिन्याची सूचना पुरते. सगळी स्टेटमेंटं त्याआधी पीडीएफमध्ये उतरवून घ्या, खातं मिटल्यावर ॲप आत घेत नाही.