आरके३५६६ बोर्ड आणि पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हर: चादरीच्या शोरूममधल्या स्क्रीनला २ जीबी रॅम पुरते का?

सोलापुरातल्या चाटी गल्लीतलं दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याची शोरूम, भिंतीवरच्या टीव्हीवर चादरींचा कॅटलॉग फिरवायचा म्हटलं की टीव्हीमागे एखादा छोटा बोर्ड लागतोच. स्वस्तातला आणि बरा पर्याय म्हणजे रॉकचिपच्या आरके३५६६ चिपचा बोर्ड. चार कॉर्टेक्स-ए५५ कोअर, माली-जी५२ ग्राफिक्स, इन्व्हर्टरवर सहज चालेल इतकी कमी वीज. सोलापूरचा एप्रिल-मे धरून चांगला हीटसिंक आधीच लावून टाकावा, नाहीतर दुपारी चिप स्वतःच वेग कमी करते. बाकी पोर्ट, केस, वायफाय वगैरे ठीक. खरा प्रश्न रॅमचा. दुकानदार हमखास २ जीबीचा बोर्ड घेतो, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत स्क्रीन तासन् तास चालू राहिली की ब्राउझरचं पान कोसळतं. दोष बोर्डावर जातो. कारण मात्र ग्राफिक्स ड्रायव्हर मेमरी कशी घेतो आणि कशी सोडतो यात असतं.

या चिपवर ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नाही. पॅनफ्रॉस्ट हा माली ग्राफिक्सचा मुक्त ड्रायव्हर जुलै २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये आला. टेक्श्चर (चढवलेली चित्रं), शेडर (जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, चालणारे छोटे प्रोग्राम), फ्रेमबफर (पडद्यावर जाणारं तयार चित्र) या सगळ्यासाठी तो साध्या रॅममधूनच शेअर्ड मेमरीची पानं (४ केबीचे कप्पे) उचलतो. अशा पानांच्या प्रत्येक गठ्ठ्याला बफर ऑब्जेक्ट, थोडक्यात बीओ म्हणतात. एकदा बीओला पानं मिळाली की ती अडकून राहतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती नेहमीच्या पद्धतीने स्वॅपला (रॅम कमी पडल्यावर पानं बाजूला ठेवायच्या जागेला) पाठवू शकत नाही. म्हणून २ जीबीच्या बोर्डावर झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) लावून दिलासा मिळतो तो ब्राउझरच्या स्वतःच्या मेमरीला, ग्राफिक्सच्या मेमरीला नाही. झेडरॅम लावा, पण त्याच्या भरवशावर टेक्श्चर वाढवू नका.

पॅनफ्रॉस्टची जमेची बाजू लिनक्स ५.४ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात आली: मॅडव्हाइज (बीओ हवा की नको हे कर्नलला कळवण्याची सोय) आणि श्रिंकर (रॅम कमी पडली की नको असलेले बीओ परत घेणारा भाग). मेसा लायब्ररीला (ड्रायव्हरचा ब्राउझरच्या बाजूचा भाग) एखादा बीओ नको झाला की ती तो लगेच फेकत नाही. नवीन बीओ मागायचा म्हणजे पानं मिळवा, शून्याने भरा, जीपीयूच्या पत्त्यांत जोडा, असा सगळा खटाटोप असतो. त्यापेक्षा ती तो आपल्या कॅशमध्ये ठेवते आणि कर्नलला ‘डोन्टनीड’ असं कळवते. दुकानाच्या मागे रचलेल्या रिकाम्या खोक्यांसारखं हे आहे: लागली तर वापरू, जागा कमी पडली तर नेणाऱ्याने न विचारता न्यावीत. पुन्हा लागला की मेसा ‘विलनीड’ म्हणते, आणि कर्नल उत्तरात सांगतो की आतली पानं टिकली आहेत की नाही. टिकली नसतील तर मेसा तो बीओ सोडून नवा घेते. ही तपासणी मेसा नीट करते, म्हणून सर्वसाधारण वापरात काही बिघडत नाही.

कॅशची रचना साधी आहे. ४ केबीपासून दोनच्या पटीत आकारांचे गट, आणि ठरावीक आकारापुढचे सगळे मोठे बीओ शेवटच्या एकाच गटात. एक-दोन सेकंद पडून राहिलेला बीओ जुना धरून मेसा काढून टाकते. गोम इथेच आहे. जुने बीओ काढण्याचं काम मेसा वेगळ्या टायमरवर करत नाही, पुढचा बीओ कॅशमध्ये टाकताना करते. कॅटलॉग एका स्थिर चित्रावर थांबला, की नवं काही टाकलं जात नाही आणि जुने तिथेच बसतात. रात्रभर तोच आकडा दिसतो म्हणून मेमरी गळतेय असं समजू नये. ती पानं ‘डोन्टनीड’ आहेत. रॅम कमी पडली की कर्नल नेईल.

आता मर्यादा, कारण विकत घेताना त्याच कामाच्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी: श्रिंकर फक्त सोडून दिलेले बीओ परत घेतो. वापरातलं पण सध्या पडद्यावर नसलेलं टेक्श्चर तो हलवत नाही. क्वालकॉमच्या चिपसाठीचा एमएसएम ड्रायव्हर निष्क्रिय बीओची पानं स्वॅपलाही काढू शकतो. पॅनफ्रॉस्टमध्ये ६.१२ कर्नलपर्यंत फक्त पुसून टाकणं आहे, बाजूला ठेवणं नाही. कॅटलॉगने ३०० चित्रं टेक्श्चर म्हणून धरून ठेवली असतील तर श्रिंकरच्या हातात काहीच नाही.

दुसरी: दुसऱ्या प्रोसेसला किंवा डिस्प्लेला दिलेला बीओ पुसता येत नाही, आणि मेसा त्याला कॅशमध्येही घेत नाही. स्क्रीनचे फ्रेमबफर यात मोडतात. १९२०×१०८० ला ४ बाइटने एक फ्रेम साधारण ८.३ एमबी, तीन धरले तर २५ एमबी. टीव्ही फोरके आहे म्हणून ३८४०×२१६० लावलं तर एक फ्रेम ३३ एमबी, तीन मिळून १०० एमबी, शिवाय ब्राउझरचे स्वतःचे थर वेगळे. २ जीबीवर १०८०पी ठेवा. दहा फुटांवरून चादरीचा पोत त्यात पुरेसा दिसतो.

तिसरी: टायलरचा (पडदा छोट्या चौकटींत वाटणाऱ्या जीपीयूच्या भागाचा) हीप. जीपीयू भौमितिक माहिती साठवायला जो बीओ वापरतो, त्याचा पत्ता आधी राखला जातो आणि पानं लागतील तशी, एकेका फॉल्टला (पान नसलेल्या पत्त्याला हात लागल्यावर) २ एमबी, जोडली जातात. वाढला की तो पुन्हा आकसत नाही. एखाद्या पानावर भारी त्रिमितीय चादर फिरवून दाखवली, तर तिथे गेलेली जागा ब्राउझरची जीपीयू प्रोसेस बंद होईपर्यंत परत येत नाही. रोज दुकान उघडताना ब्राउझर नव्याने सुरू करण्याची सोय ठेवावी ती यासाठी.

चौथी बारीक आहे, पण मजेशीर. श्रिंकर चालतो तो रॅम मागणाऱ्याच्या पाठीवर बसून, आणि त्या मागणाऱ्याने कदाचित तेच कुलूप (लॉक, म्हणजे ‘मी वापरतोय, थांबा’ अशी खूण) आधीच धरलेलं असतं. थांबून राहिलं तर दोघे कायमचे अडकतील. म्हणून ड्रायव्हर कुलूप मिळतं का एवढंच बघतो, नाही मिळालं तर त्या खेपेला सोडून देतो. जीपीयू अजून वापरत असलेला बीओही तो वगळतो. ऐन ताणाच्या क्षणी पुसण्याजोगी मेमरी असूनही हाती लागत नाही, असं त्यामुळे क्वचित होऊ शकतं.

बोर्डावर नेमकं काय चाललंय ते बघायला तीन जागा आहेत. आधी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) पॅनफ्रॉस्ट सुरू झाल्याची आणि माली-जी५२ ओळखल्याची ओळ शोधा. ती नसेल तर मेमरी कार्डावर बहुधा बोर्ड बनवणाऱ्याचा जुना कर्नल आणि बंदिस्त (स्रोत खुला नसलेला) ड्रायव्हर आहे, आणि वरचं काहीच लागू होत नाही. मग ब्राउझरच्या जीपीयू प्रोसेसच्या एफडीइन्फो फाइली (/proc खाली त्या प्रोसेसच्या फोल्डरमध्ये असतात) वाचा. तिथे डीआरएमच्या (लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाच्या) ओळींत एकूण, प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली आणि पुसण्याजोगी मेमरी वेगवेगळी दिसते. एकच क्लायंट-आयडी दोन फाइलींत आला तर एकदाच मोजायचा, नाहीतर आकडा दुप्पट होतो. पॅनफ्रॉस्टमध्ये ही सोय ६.७ कर्नलपासून आहे. डेबियन १२ च्या ६.१ मध्ये नाही, डेबियन १३ च्या ६.१२ मध्ये आहे. नवीन कार्ड बनवताना डेबियन १३ घ्यायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

तिसरी जागा डीबगएफएसमधलं (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींमधलं) श्रिंकरचं फोल्डर, लिनक्स ६.० पासून, कर्नल बांधताना श्रिंकर-डीबग चालू ठेवलं असेल तर. आत डीआरएम-पॅनफ्रॉस्ट नावाने सुरू होणारं उपफोल्डर असतं. त्यातली ‘काउंट’ फाइल पुसण्याजोगी पानं सांगते, बाइट नव्हे. ४ ने गुणलं की केबी. ‘स्कॅन’ फाइलीत रूट म्हणून तीन आकडे लिहायचे: ० ० १०००. पहिला सीग्रुप (प्रोसेसचा गट), दुसरा नूमा नोड (मेमरीचा विभाग), तिसरा किती पानं शोधायची. लगेच डीमेसेजमध्ये ‘पर्जिंग ५३२४८ बाइट्स’ अशा धाटणीची ओळ उमटते. ५३२४८ म्हणजे ४०९६ ची १३ पानं. ही ओळ बघून घाबरण्याचं कारण नाही, ती तक्रार नाही. पण कुणी काही न लिहिता ती दिवसभर येत असेल, तर रॅम काठावर आहे आणि प्रत्येक पुसण्यानंतर मेसाला नवा बीओ बनवावा लागतोय. पडद्यावर त्याचा झटका दिसतो.

फ्री कमांडचा आकडा मात्र इथे फसवतो. ग्राफिक्सची पानं ‘शेअर्ड’ रकान्यात आणि त्याच वेळी बफर-कॅशच्या बेरजेत येतात, म्हणून कॅश भरपूर आहे, सोडवता येईल असं वाटतं. ‘अव्हेलेबल’ रकाना बघा, त्यात ही पानं मोजलेली नसतात. शिवाय बीओची पानं प्रोसेसच्या आरएसएसमध्ये (तिच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या रॅममध्ये) धरली जात नाहीत. रॅम संपल्यावर ओओएम किलर (प्रोसेस मारून रॅम मोकळी करणारा कर्नलचा भाग) आरएसएस आणि स्वॅप बघून बळी निवडतो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते: टेक्श्चर भरणारा सुटतो, शेजारी चालणारा बिलिंगचा प्रोग्राम जातो. कॅटलॉगच्या बोर्डावर बिलिंग ठेवू नये.

पुसलेला बीओ कुणी तरीही वापरला तर? सीपीयूने हात लावला की सिगबस (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा इशारा) येऊन प्रोग्राम तिथेच मरतो. जीपीयूने वापरला तर डीमेसेजमध्ये ‘अनहँडल्ड पेज फॉल्ट’ आणि त्यामागे शेड्युलर टाइमआउट दिसतो. या दोन ओळी एकत्र आल्या तर रॅम वाढवून उपयोग नाही, आधी मेसा अद्ययावत करा.

कॅटलॉग बनवणाऱ्याच्या हातात सगळ्यात जास्त आहे. स्टुडिओतून आलेला ४०००×६००० चा फोटो वेबजीएल (ब्राउझरमधलं ग्राफिक्स) टेक्श्चर म्हणून तसाच चढवला तर ९६ एमबी, मिपमॅपसह (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींसह) १२८. जेपेग फाइल ३ एमबीची आहे हे इथे गैरलागू. अशा २० चादरी म्हणजे मिपमॅपसह अडीच जीबी, विषय संपला. तोच फोटो १४४०×२१६० वर आणला तर १२.४ एमबी, झूमसाठीही पुरेसा. २० मिळून साधारण २५० एमबी. ब्राउझर ईटीसी२ चं (टेक्श्चर दाबून ठेवण्याच्या पद्धतीचं) एक्स्टेंशन देत असेल तर प्रत्येक पिक्सेलला ४ बिट, म्हणजे जागा आठपट कमी. माली स्वतः वापरतं त्या एएफबीसी कॉम्प्रेशनवर भिस्त नको, त्यात वाचते बँडविड्थ, जागा नाही. आणि स्लाइड गेली की टेक्श्चर स्पष्टपणे डिलीट करा. जावास्क्रिप्टच्या कचरा-सफाईवर सोडलं, तर मेसाला तो बीओ नको झाल्याचं कळतच नाही, आणि ‘डोन्टनीड’ कर्नलपर्यंत पोचत नाही.

निकाल: फोटो आधी लहान करून एकाच पानात फिरवायचे असतील तर २ जीबीचा बोर्ड आणि पॅनफ्रॉस्ट चालतो, चांगला चालतो. झूम, त्रिमितीय चादर, फोरके टीव्ही किंवा सोबत दुसरा प्रोग्राम यातलं काहीही असेल तर ४ जीबी घ्या. रॅम बोर्डावर पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. बसवून देणाऱ्याला कर्नलचा नंबर विचारा. मॅडव्हाइज एकाच बीओवर दोनदा आला की श्रिंकरची यादी बिघडून कर्नलच कोसळायचा, असा एक दोष पॅनफ्रॉस्टमध्ये होता, तो २०२२ मध्ये दुरुस्त झाला. त्याआधीचं, कधीच अपडेट न केलेलं कार्ड कुणी देत असेल तर बोर्ड घ्या, कार्ड त्यालाच परत द्या.