पक्ष्यांच्या साठ कार्डांचा संच : घुबडे उत्तम, कोकण गायब

घुबडे आणि इतर विलक्षण पक्षी यांच्याविषयीच्या गमतीशीर माहितीचा हा कार्डसंच मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणला भरलेल्या पुस्तक प्रदर्शनातून ३५० रुपयांना विकत घेतला. गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. त्या वर्गात हा संच दहा महिने वापरल्यानंतर हे लिहीत आहे, कारण अशा वस्तूची खरी पारख पहिल्या आठवड्यात होत नाही. संचात ६० कार्डे असून त्यांतील १४ घुबडांची आहेत. पुढच्या बाजूला छायाचित्र आणि मागच्या बाजूला तीन-चार वाक्यांची माहिती व एक प्रश्न, अशी त्यांची मांडणी आहे.

घुबडांची बहुतेक कार्डे उत्तम आहेत. घुबड मान २७० अंशांपर्यंत वळवते, हे वाक्य मुलांच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. या कार्डाचे वेगळेपण असे की, ते तेवढ्यावर न थांबता कारणही सांगते. घुबडाचे डोळे आपल्यासारखे गोल नसून नळीसारखे लांबट असतात आणि ते खोबणीत फिरवता येत नाहीत, त्यामुळे बाजूला पाहायचे तर मानच वळवावी लागते. त्यासाठी आपल्या मानेत ७ मणके असतात तेथे त्याच्या मानेत १४ असतात. एवढी मान पिळली तरी मेंदूचा रक्तपुरवठा का तुटत नाही, याचेही उत्तर कार्डावर आहे : मानेच्या मणक्यांतील ज्या छिद्रांतून धमनी जाते ती छिद्रे धमनीपेक्षा सुमारे दहापट रुंद असतात. मी मुलांना जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या नळ्या करून डोळ्यांना लावायला आणि तशाच अवस्थेत वर्गात फिरायला सांगितले. पाच मिनिटांत सगळ्यांच्या माना अवघडल्या आणि कार्डावरचे प्रत्येक वाक्य त्यांना न समजावता समजले. दुर्दैवाने खोक्याच्या झाकणावर मात्र ‘३६० अंशांत मान फिरवणारा पक्षी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. झाकण आणि आतले कार्ड यांचा मेळ बसत नाही, हे चौथीतल्या एका मुलीने कोनमापक समोर ठेवून मला दाखवून दिले.

संचातील सर्वांत चांगले कार्ड गव्हाणी घुबडाचे आहे. छायाचित्र परदेशी पक्ष्याचे असले तरी मुलांनी त्याला लगेच ओळखले, कारण आमच्या गावच्या देवळाच्या माळ्यावर या घुबडाची जोडी कित्येक वर्षे राहते आहे. या घुबडाच्या दोन कानांची छिद्रे एका उंचीवर नसतात. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे तो प्रत्येक कानाशी पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून कळते आणि वरून आला की खालून, हे दोन्ही कानांना तो किती मोठा ऐकू येतो यातील फरकावरून. तबकासारखा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवतो. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी केलेल्या प्रयोगांचा उल्लेख येथे आहे, तो मला फार आवडला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाचोळा पसरून त्यात उंदीर सोडला, तर घुबड केवळ सळसळीवरून त्याला अचूक पकडत असे. आणि उंदराऐवजी दोरीने ओढलेला कागदाचा बोळा त्या पाचोळ्यातून सरकवला, तर घुबड त्या बोळ्यावरही झडप घालत असे. म्हणजे वास नव्हे, ऊब नव्हे, केवळ आवाज. ‘असे का असावे’ या प्रश्नाला ‘हे कसे शोधून काढले’ याची जोड देणारे संचातील हे एकमेव कार्ड आहे, आणि तशी आणखी दहा असती तर मी ५०० रुपयेही आनंदाने दिले असते.

याच कार्डावर, घुबड भक्ष्य सगळे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गुठळी तोंडावाटे बाहेर टाकते, अशी ओळ आहे. दुसऱ्या दिवशी दोन मुले देवळाच्या माळ्याखालून तशा पाच सुकलेल्या गुठळ्या कागदात बांधून घेऊन आली. कोमट पाण्यात भिजवून त्या उकलल्या, तेव्हा उंदराच्या चार कवट्या आणि पिवळसर दातांचे जबडे निघाले. भाताच्या कणग्या असलेल्या गावात या जोडीचे देणे किती आहे, हे मग वेगळे सांगावे लागले नाही. घुबड घरावर बसले तर अपशकुन, असे मानणाऱ्या एका आजीबाई तो जबडा पाहायला शाळेत आल्या होत्या. त्यांचे मत बदलले की नाही ते मी विचारले नाही.

निःशब्द उड्डाणाचे कार्डही अचूक आहे. पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला झालर आणि पिसांवर मखमलीसारखी लव यांमुळे हवेचा आवाज दबतो, असे ते सांगते. मात्र त्यात ‘सर्व घुबडे’ असा शब्दप्रयोग आहे आणि तो बरोबर नाही. खाडीच्या व ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या तपकिरी मासेमार घुबडाच्या पिसांना हे दाते नसतात आणि त्याचे पंख उडताना ऐकू येतात. पाण्यातल्या माशाला हवेतला आवाज फारसा पोहोचत नाही, तेव्हा गुपचूप येण्याची त्याला गरजही नसावी. त्याचे पाय इतर बहुतेक घुबडांसारखे पिसांनी झाकलेले नसून उघडे असतात आणि निसटता मासा धरून ठेवण्यासाठी तळव्यांवर काटेरी खवले असतात. नियमाइतकाच मुलांना आवडणारा हा अपवाद संचात नाही.

आता तक्रारी. एका कार्डावर ‘घुबडांच्या समूहाला संसद म्हणतात’ असे गंभीरपणे लिहिले आहे. तसे इंग्रजीत म्हणतात. मराठीत घुबडांची संसद कोणीही भरवलेली नाही आणि ही माहिती घुबडांविषयी नसून इंग्रजी भाषेविषयी आहे. मुलांनी हे वाक्य पाठ केले आणि मला ते विसरायला लावावे लागले. दुसऱ्या कार्डावर ‘शिंगवाल्या घुबडाचे कान’ असा मथळा आहे. डोक्यावरचे ते तुरे शिंगेही नव्हेत आणि कानही नव्हेत, ती केवळ पिसे आहेत. तिसरे कार्ड घुबड दिवसा आंधळे असते असे सांगते. आपल्या भाषेत घुबडाला दिवाभीत म्हणतात हे खरे, परंतु शब्दकोश म्हणजे नेत्रतपासणी नव्हे. आमच्या शाळेच्या कौलांखाली राहणारा पिंगळा दुपारी तीन वाजता विजेच्या तारेवर बसून आमच्याकडे टक लावून पाहतो आणि डोके वरखाली व आजूबाजूला हलवतो. वेगवेगळ्या जागांवरून पाहून अंतराचा अंदाज घेण्याची ती त्याची रीत आहे. ‘बाई, तो आपल्याला मोजतो काय?’ असे तिसरीतल्या एका मुलाने विचारले, आणि उत्तर जवळपास ‘होय’ असेच होते.

उरलेल्या ४६ कार्डांचा दर्जा कमीजास्त आहे. शहामृग, किवी, पेंग्विन यांच्या कार्डांत नवे काही नाही. शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट या किनाऱ्यावरच्या स्थलांतरी पक्ष्याचे कार्ड मात्र थक्क करणारे आहे : २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्कातून निघून ११ दिवसांत, कोठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर अंतर कापून टास्मानिया गाठले.

माझी मोठी नाराजी धनेशाच्या आणि पाकोळीच्या कार्डांवर आहे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, एका फटीतून नर तिला आणि पिल्लांना महिनोन्‌महिने भरवतो, हे सांगताना छायाचित्र आग्नेय आशियातील जातीचे दिले आहे. हेच सगळे आमच्या देवरायांतल्या जुन्या झाडांवर माडगरुड आणि ककणेर हे आमच्याकडचे धनेश दरवर्षी करतात. पाकोळीच्या लाळेच्या घरट्यांचे सूप कोठे कोठे पितात ते कार्डावर आहे. परंतु अशी घरटी करणारी भारतीय पाकोळी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटावरील गुहेत राहते, काळोखात स्वतःच्या टिकटिक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते आणि तिची घरटी चोरीला जाऊ नयेत म्हणून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम केले आहे, यातील एकही गोष्ट तेथे नाही. किनाऱ्यावर मोठ्या झाडांच्या शेंड्यांवर घरटी करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड नाही. पावसाबरोबर येऊन मातीच्या दरडीत बीळ खणणारा चिमुकला तिबोटी खंड्या नाही, जो शेजारच्या रायगडचा जिल्हापक्षी आहे. मराठीत छापलेल्या आणि चिपळुणात विकल्या जाणाऱ्या संचातून हे पक्षी वगळले जावेत, याचे मला कारण सापडत नाही. भाषांतर करणाऱ्यांनी मूळ संचाच्या बाहेर पाहिले नसावे, एवढाच तर्क करता येतो.

वस्तू म्हणून संच बरा आहे. अक्षर मोठे आणि जोडाक्षरे स्पष्ट आहेत. कडा मात्र नीट बंद केलेल्या नसल्यामुळे जूनअखेर आमच्या दमट हवेत कार्डे पापडासारखी वाकली आणि जुलैमध्ये सात कार्डांचा वरचा पापुद्रा सुटला. आता ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली तांदळाची पुरचुंडी ठेवून, ठीक राहतात. विक्रेत्याने सुटलेली कार्डे बदलून देण्यास नकार दिला.

पाचपैकी साडेतीन गुण देते. मुलांच्या हाती नुसता द्यायचा असेल तर घेऊ नये, कारण चुकीचे कार्ड आणि बरोबर कार्ड सारख्याच थाटात छापलेले आहे. सोबत बसणारे कोणी घरात असेल, तर घुबडांच्या १४ कार्डांतून संसद, शिंगे आणि आंधळेपणा अशी तीन बाजूला काढून उरलेल्या ११ कार्डांसाठी जरूर घ्यावा, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर घ्यावा.