थिअरी येते, गिटार नवीन आहे: बार शेप, ट्रायड की शेल?

मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये कुठले सूर असतात ते तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल, पण गिटार हातात घेतली की ते नेमके कुठल्या तारांवर लावायचे तिथे गाडी अडते. सूर तेच, पण कुठला खाली, कुठला वर, कुठला दोनदा आणि कुठला गाळला, व्हॉइसिंग म्हणजे एवढंच. ओपन सी बघा, पाचव्या तारेपासून ३-२-०-१-० (आकडे फ्रेटचे, ० म्हणजे मोकळी तार), खालून सी-ई-जी-सी-ई, म्हणजे सूर तीन आणि तारा पाच.

बार शेप म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेला शेप. त्याचा फायदा एकच, पटकन गाणी वाजवता येतात. बोटं दुखतात ते सोडा, पण शेप पाठ होतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. ई-शेपमध्ये, म्हणजे ओपन ई कॉर्डचाच आकार बार लावून वर सरकवला की, रूट (कॉर्डचा मूळ सूर) तीनदा येतो आणि थर्ड (मेजर की मायनर ते ठरवणारा सूर) फक्त एकदा, तिसऱ्या तारेवर. म्हणूनच तिथलं एक बोट उचललं की मेजरचा मायनर होतो. हे कळलं असेल तर बार शेप खुशाल वाजवा.

ट्रायड म्हणजे तीनच सूर, इथे वरच्या म्हणजे पातळ तीन तारांवर. सी मेजर तिसऱ्या तारेपासून ५-५-३, पहिलं इन्व्हर्जन (रूटऐवजी दुसरा सूर सगळ्यात खाली) ९-८-८, दुसरं १२-१३-१२. इन्व्हर्जन कागदावर माहीत असतील तर इथे डोक्यातलं थेट बोटात उतरतं, शिवाय सोबत दुसरा गिटारवाला किंवा कीबोर्ड असेल तर गर्दी होत नाही. एकट्याने गाताना मात्र बेस नसल्यामुळे पोकळ वाटतं.

शेल माझं सगळ्यात आवडतं, रूट-थर्ड-सेव्हन्थ, फिफ्थला सुट्टी. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन वाजवून बघा. चौथ्या तारेवर फ्रेट ३, ३, २ आणि तिसऱ्या तारेवर ५, ४, ४, बेस पाचव्या तारेच्या ५ वरून सहाव्याच्या ३ वर आणि मग पाचव्याच्या ३ वर, बस. एफ तसाच राहतो, सी खाली येऊन बी होतो, मग एफचा ई होतो आणि बी जागेवरच, व्हॉइस लीडिंग, म्हणजे एका कॉर्डमधले सूर पुढच्या कॉर्डमध्ये कसे सरकतात ते, डोळ्यांना दिसतं!

पियानोसारखे सगळे सूर जवळजवळ लावायचा हट्ट करू नका, डी मायनर सेव्हन तसा वाजवायला गेलात तर पाचव्या तारेपासून ५-३-२-१ येतं आणि पंजा ताणून ताणून जीव जातो. ड्रॉप टू (वरून दुसरा सूर एक सप्तक खाली नेलेली व्हॉइसिंग) त्यासाठीच आहेत, पण ते नंतर.

बँडमध्ये वाजवायचं असेल तर ट्रायड घ्या, जॅझकडे ओढा असेल तर शेल, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या लग्नात वाजवायचं असेल तर गपचूप बार शेप.