‘पॉवर वाढली’ असं दाखवून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

माझी मुलगी लांब उडी मारते, सोळा वर्षांखालच्या गटात. पिंपरी-चिंचवडमधल्या एका ‘स्पोर्ट्स परफॉर्मन्स सेंटर’ने ‘शास्त्रशुद्ध स्ट्रेंथ अँड पॉवर ट्रेनिंग’च्या नावाखाली आमच्याकडून 46 हजार रुपये घेतले. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांची पद्धत सविस्तर सांगते, कारण यात पैशांपेक्षा जास्त नुकसान पोरांच्या पायांचं होतं.

सुरुवात होते जनुक चाचणीने. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, काही आठवड्यांनी गुळगुळीत कागदावरचा रिपोर्ट हातात. त्यात एसीटीएन-3 नावाचं जनुक, ‘तुमच्या मुलीचे स्नायू स्फोटक प्रकारचे’ असं निदान, आणि त्यावरून ‘फक्त तिच्यासाठी’ आखलेला कार्यक्रम. गोम अशी की हे जनुक खरं आहे. 2003 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अव्वल वेगवान धावपटूंमध्ये त्याचा एक प्रकार जास्त आढळला होता. पण त्यावरून एकट्यादुकट्या मुलीबद्दल काही सांगता येत नाही. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन स्नायूंत अजिबात नसलेला एक स्पॅनिश खेळाडू लांब उडीत 8.26 मीटरपर्यंत गेला आणि ऑलिंपिकलाही खेळला. मुलांमधली गुणवत्ता हेरायला किंवा त्यांचं ट्रेनिंग ठरवायला या चाचण्या वापरू नयेत, असं या विषयातल्या तज्ज्ञांनी 2015 मध्ये एकत्र येऊन जाहीर केलेलं आहे. सेंटरने मात्र त्या एका रिपोर्टचे 12 हजार वेगळे लावले.

खरी हातचलाखी होती उडीच्या टेस्टमध्ये. बोटांना खडू लावून भिंतीशी उभं राहायचं, हात वर करून एक खूण करायची, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. पहिल्या दिवशी मुलीला भिंतीला चिकटून उभं केलं आणि ट्रेनर म्हणत राहिला, “अजून ताण, खांदा वर, अजून वर.” उभ्याची खूण जितकी वर गेली, तितकी उडी कागदावर कमी झाली. शिवाय उडी मारताना हाताचा झोका घ्यायचा नाही, असा नियम. तीन महिन्यांनी ‘प्रोग्रेस टेस्ट’ झाली तेव्हा तीच मुलगी कोपर सैल सोडून उभी आहे, कुणी तिला हात ताणायला सांगत नाही, आणि उडीला दोन्ही हातांचा भरपूर झोका. नुसत्या झोक्यानेच उडी 10 टक्क्यांहून जास्त वाढू शकते. 30 मीटर धावण्यातही तसंच. पहिल्यांदा पाय रेषेवर, दुसऱ्यांदा रेषेच्या चांगलं मीटरभर मागे, म्हणजे घड्याळ सुरू होईपर्यंत वेग आलेलाच असतो. दशांश-दोन दशांश सेकंद असेच सुटतात. मग रंगीत आलेख आला: ‘पॉवर 23 टक्के वाढली.’ त्याच आठवड्यात पुढच्या पॅकेजचा मेसेज.

मैदानावर मात्र टेपने मोजलेली तिची लांब उडी जिथल्या तिथे होती. तिच्या क्लबच्या सरांनी माझ्या मोबाइलवर दोन्ही टेस्टचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले आणि पहिल्या मिनिटातच कोपराकडे बोट दाखवलं. नंतर आमच्याच बॅचमधल्या एका जलतरणपटू मुलीच्या आईने तिचा ‘वैयक्तिक’ कार्यक्रम पाठवला. पानंच्या पानं आमच्यासारखीच होती, आणि वर त्या मुलीचं नाव टाकूनही आत लांब उडीचे ‘रनअप’ आणि ‘टेक-ऑफ’ तसेच राहिले होते.

आता त्या कार्यक्रमाबद्दल, कारण मला सर्वांत जास्त राग त्याचा आहे. टाइल्सच्या फरशीवर, शाळा करून आलेल्या मुलींना, पाय लटपटेपर्यंत बॉक्स जंप, म्हणजे उंच खोक्यावर उड्या, करायला लावायचे. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मुलगी नडगी धरून बसली तर उत्तर ठरलेलं: “दुखतंय म्हणजे काम करतंय, मॅडम.” पॉवर म्हणजे कमीत कमी वेळात जास्तीत जास्त जोर लावणं. दमलेल्या स्नायूला ते जमत नाही, म्हणून खरे प्रशिक्षक उड्या वॉर्मअपनंतर लगेच, ताज्या पायांनी घेतात, थोड्या घेतात, आणि जड सेटनंतर दोन ते पाच मिनिटं थांबवतात. नवशिक्या मुलांसाठी एका सत्रात पाय जमिनीवर आपटण्याची मोजणी साधारण 80 ते 100 च्या आत ठेवतात. इथे मोजणारंच कुणी नव्हतं. फिजिओने नडगीच्या हाडावर ताण आल्याचं सांगून उड्या पूर्ण बंद करायला लावल्या, आणि जिल्हा स्पर्धा हातची गेली.

हे वाचून मुलींना वजनं उचलू देऊ नका, असं कृपा करून कुणी म्हणू नका. “उंची खुंटेल” हे घरोघरी ऐकू येतं, त्याला आधार नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, आधी तंत्र आणि मग हळूहळू वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, असं ट्रेनिंग या वयात सुरक्षित आहे आणि उडी, वेग दोन्हीला उपयोगी पडतं. क्लबचे सर आता तेच करून घेतात. फीसुद्धा निम्म्याहून कमी.

पैसे परत मागितले तर ट्रेनरने वाटाण्याच्या अक्षता लावल्या: “नो रिफंड, फॉर्मवर सही आहे.” पावती कधी दिलीच नव्हती, रक्कम एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतली होती. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं हीसुद्धा. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सेंटरला लेखी नोटीस दिली. जनुक चाचणीचे पैसे परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे.

तुमचं मूल अशा ठिकाणी जात असेल तर पहिल्या टेस्टचा व्हिडिओ स्वतः काढा, हात किती ताणलाय आणि पाय रेषेपासून किती लांब आहे हे दिसेल असा. काढू देत नसतील तर पैसे भरू नका. आणि ज्यांच्याकडे आधीच असे दोन व्हिडिओ आहेत, त्यांनी ते पुसू नका. आमच्या अर्जाला सर्वांत भक्कम पुरावा म्हणून वकिलांनी तेच जोडले आहेत.