यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी, तीन वर्षं वापरल्यानंतर

सांगलीत शेतकरी गटांच्या आणि बचत गटांच्या छोट्या फिल्म मी करते. शूटही माझं, एडिटही माझंच. म्युझिकसाठी वेगळे पैसे कुणी देत नाही, त्यामुळे यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीवरच, म्हणजे तिथल्या फुकट संगीताच्या साठ्यावरच, माझं बहुतेक काम चालतं.

तिकडे वळले ती एक फटका बसल्यावर. हळदीच्या एका फिल्मखाली कुठल्याशा चॅनलवरून उतरवलेली बासरी लावली होती. वर ‘नो कॉपीराइट’ असं ठळक लिहिलेलं. अपलोड करून तास झाला नसेल, क्लेम आला, म्हणजे त्या संगीतावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्काचा दावा. व्हिडिओ उडाला नाही, पण जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जायला लागले. ज्यानं ती बासरी टाकली होती, त्याचा तिच्यावर काडीचाही हक्क नव्हता. बचत गटातल्या बायकांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

इथे ती धास्ती नाही. स्टुडिओतून घेतलेल्या ट्रॅकवर कंटेंट आयडीचा (कॉपीराइट असलेलं संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम येणार नाही असं यूट्यूब सांगतं, आणि मला आजवर एकही आलेला नाही. फक्त लायसन्सचा रकाना बघायचा. ‘सीसी’ची (क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सची) खूण असली की डिस्क्रिप्शनमध्ये संगीतकाराचं श्रेय द्यावंच लागतं, मजकूर तयार असतो, कॉपी करायचा. खूण नसली तरी मी नाव देते. कुणीतरी बसून ते वाजवलेलं असतं.

फाइल एकच मिळते, एमपी३. वाद्यं सुटी करून मिळत नाहीत. आमच्या एक आजी हळद शिजवण्याबद्दल अगदी हळू बोलत होत्या आणि खाली पियानो नेमका त्यांच्याच पट्टीत वाजत होता. व्हॉल्यूम कमी केला तर पियानो मेला, वाढवला तर आजी. शेवटी इक्वलायझरवर पियानोचा दोन ते चार किलोहर्ट्झचा भाग, जिथे बोलण्यातले शब्द स्पष्ट होतात तो, दाबला, तेव्हा कुठे शब्द वर आले. पैसे भरून घेतलेल्या लायब्रऱ्यांत सुटे स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या फाइली, मिळतात, तिथे नुसता पियानो बंद करता येतो.

तयार गाणं घ्यायचं तर चालीचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. लायब्ररीत दोन्ही एका जागी सुटतात, हाच या धंद्याचा पाया. लंडनची डी वुल्फ ही संगीत-लायब्ररी कंपनी १९०९ पासून यात आहे; मूकपटांच्या काळात ती थिएटरांना वाजवायला सुरावटी पुरवायची. फिल्म टीव्हीवर जाणार असेल तर मी अजूनही पैसे भरूनच लायसन्स घेते, आणि ते बिलात वेगळं दाखवते.

हलगी-संबळ हवं असेल तेव्हा मात्र लायब्ररी उघडत नाही. गावातल्या वादकाला बोलावते, मानधन देते आणि कागदावर सही घेते. त्या कागदावर मुदत आणि प्रदेश आठवणीनं लिहा. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.