सावंतवाडीचा हनोई मनोरा: दोनरंगी असेल तरच घ्या

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं आणि भातुकलीच्या गर्दीत हनोईचा मनोरा दिसला, तर लगेच पैसे काढू नका. आधी हाताळून बघा. पाटावर तीन दांड्या, एकीत मोठीवर लहान अशा सात चकत्या. सगळा मनोरा दुसऱ्या दांडीवर न्यायचा. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही.

सात रंगांचा मनोरा शोकेसमध्ये शोभतो. खेळायला मात्र तांबडी, पिवळी, तांबडी, पिवळी असा दोनरंगीच हवा. कमीत कमी खेळ्यांच्या वाटेवर एकाच रंगाच्या दोन चकत्या कधीही एकमेकींवर बसत नाहीत. तांबडीवर तांबडी आली की वाट चुकली, हे तिथल्या तिथे कळतं.

रीत अशी: एकाआड एक खेळी सर्वांत लहान चकतीची, आणि ती तिन्ही दांड्यांवर नेहमी एकाच दिशेने, चक्राकार न्यायची. मधल्या खेळीत तिला हात न लावता जी एकमेव चाल उरते, ती करायची. चकत्या विषम असतील तर पहिली चाल जिथे मनोरा न्यायचाय त्या दांडीवर, सम असतील तर उरलेल्या दांडीवर. इथे गफलत झाली तर मनोरा बिनचूक उभा राहतो, पण भलत्याच दांडीवर!

फोनवर हा खेळ फुकट मिळतो, मग लाकूड कशाला? ॲप लहानीवर मोठी ठेवूच देत नाही, वर मागे फिरायचं बटणही असतं. विचार करायची गरजच अर्धी होते. आणि संगणकाची धास्ती इथे नकोच. त्याला हे कोडं चार-पाच ओळींत शिकवता येतं: सहा बाजूला ठेवा (६३ खेळ्या), तळची हलवा (१), सहा परत आणा (६३). झाल्या १२७. त्यालाही १२६ मध्ये जमत नाही. फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८८३ मध्ये हे कोडं आणलं. त्याला जोडलेल्या काशीच्या गोष्टीत ६४ चकत्या आहेत. सेकंदाला शंभर कोटी खेळ्या करणारं यंत्र बसवलं तरी त्या हलवायला सुमारे ५८५ वर्षं लागतील. सुडोकूत यंत्र क्षणात मोकळं होतं आणि आपण पेन्सिल चावत बसतो. इथे नियम उमगला की यंत्र आणि आपण एकाच वाटेवर, फरक फक्त वेगाचा. मजा आहे ती या उमगण्याची.

आता खोट. चकतीच्या बाहेरून लाखेचा थर असतो, भोक आतून कोरंच. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, भोक लंबगोल होतं आणि चकती दांडीत अडकते. म्हणून घेतानाच भोक दोनेक मिलिमीटर सैल आहे ना, ते पाहा. अडकली तर भोक आतून पॉलिश पेपरने घासा, दांडीला मेणबत्ती चोळा. सॅनिटायझरने पुसू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. उन्हात वाळत घालणंही टाळा, लाख मऊ पडते.

आठ चकत्यांसाठी जादा पैसे मोजू नका. खेळ्या २५५ होतात, डोक्याला काम तेवढंच.