ई-चलन तक्रार निवारण सेवा: दंड भरणे सोपे, चूक दाखवणे अवघड

माझ्या नावावर आलेले ई-चलन उघडून पाहिले, तेव्हा छायाचित्रात पांढरी मोटार होती. माझ्याकडे स्कूटर आहे. नंबरप्लेट वाचणारी संगणकप्रणाली चिखलामुळे किंवा एखाद्या स्क्रूच्या डोक्यामुळे ३ चा ८ वाचू शकते, हे मला मान्य आहे. ती चूक दुरुस्त करून घेण्याची सोय कशी आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय.

दंड भरण्याची व्यवस्था वाखाणण्यासारखी आहे: दोन मिनिटांत पैसे जातात आणि पावतीही लगेच मिळते. तक्रारीचे तसे नाही. नोंदणी प्रमाणपत्र व स्कूटरची छायाचित्रे जोडून संकेतस्थळावर तक्रार केली, तर नवव्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ एवढाच संदेश आला आणि दंड जागच्या जागी राहिला. कार्यालयात गेल्यावर पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडले, तर दुसरीने ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे सांगून पुन्हा पहिलीकडे. तिसऱ्या फेरीत एका लिपिकाने छायाचित्र मोठे केले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ‘अहो, ही तर मोटार आहे’ असे उद्गार काढले, जणू हा शोध त्यांनीच लावला होता. तरीही तीच छायाचित्रे छापून, हस्तलिखित अर्जाला जोडून द्यावी लागली, कारण संकेतस्थळावरची कागदपत्रे त्यांच्या पडद्यावर दिसतच नाहीत.

चलन रद्द झाले, पण ते कोणी कळवले नाही. मीच तपासल्यावर समजले. पाचपैकी दोन तारे, त्यांतला एक त्या लिपिकासाठी.